गार गल्लीतला सात नंबर

१

सात नंबरचं कपाट बंद पडलं ते दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी, आणि साडेतीनपर्यंत अर्ध्या जिल्ह्यातल्या डॉक्टरांनी कपाळाला हात लावला होता.

नेकनूर रोडवर सुंदररावांची, म्हणजे सगळ्यांच्या आण्णांची, पत्र्याची मोठी शेड आहे. आधी तिथं कापसाचं जिनिंग चालायचं. आता तिथं डेटा सेंटर आहे, म्हणजे अकरा खाजगी दवाखान्यांचे संगणक लोखंडी कपाटांत रात्रंदिवस तापत बसलेले असतात. आपल्याला वाटतं, रिपोर्ट मोबाइलमध्ये राहतात. कशाचं काय. ते असल्याच कुठल्यातरी शेडमध्ये राहतात, आणि त्यांना गार ठेवायला कुणीतरी मर मर मरत असतं. त्या दिवशी मे महिन्याचं त्रेचाळीस डिग्री ऊन होतं. सगळ्यांचे जुने कागद ज्यात, तो सात नंबर तापला, स्वतःहून बंद झाला आणि दोन तास कुणाचाही जुना कागद उघडेना. धर्मापुरीहून आलेली एक अडलेली बाई तिची आधीची सोनोग्राफी दिसेना म्हणून टेबलावर ताटकळली. सुखरूप सुटली बिचारी, पण तिच्या नवऱ्यानं दवाखाना डोक्यावर घेतला.

जलालुद्दीनचाचा तेव्हा बीडला घरी जेवून लवंडले होते. फोन आला, "चाचा, सात नंबर गेला." लाज वाटावी अशी गोष्ट आहे, पण सांगायलाच हवी. फोन ठेवल्यावर चाचांना आधी आनंद झाला. मग काळजी वाटली, पण ती नंतर.

याला कारण होतं वैष्णवी.

चाचा फ्रीज आणि एसीचे मेकॅनिक. चाळीस वर्षांचा हात. मशीनच्या आवाजावरून तिचं दुखणं सांगणारा माणूस. शेडमधल्या चारही थंडीच्या मशीन त्यांनीच उभ्या केलेल्या. उन्हाळा आला की सुंदरराव म्हणायचे, चाचा आहेत म्हणून झोप लागते. आणि आठ महिन्यांपूर्वी घाटनांदूरची ही सव्वीस वर्षांची पोरगी पुण्याहून शिकून आली आणि म्हणाली, चार मशीन कशाला, दोन पुरतील. सुंदररावांनी वर तिला केबिन दिली, खोलीचा ताबा दिला.

तिनं केलं काय, तर कपाटांच्या दोन रांगा समोरासमोर केल्या. मधल्या गल्लीला दोन्ही टोकांना काचेची दारं लावली, वर छत घातलं. मशीन डोक्याकडून गरम हवा ओढते, गार करते आणि पोकळ फरशीखाली सोडते. ती गार हवा जाळीच्या फरश्यांतून या बंद गल्लीत वर येते, कपाटांच्या तोंडातून आत शिरते आणि तापून मागच्या बाजूला निघून जाते. गारनं गरमला भेटायचंच नाही, एवढीच युक्ती. सगळे त्याला गार गल्ली म्हणू लागले. आणि खरंच दोन मशीन पुरल्या. तीन नंबर आणि चार नंबर बंद झाल्या. तिनं त्यांच्या डोक्यावर निळी ताडपत्री टाकली आणि नायलॉनच्या दोरीनं करकचून बांधली.

चाचांच्या डोळ्यांत ती ताडपत्री रोज खुपायची. त्या दिवशी सकाळी नऊला ते आले, आणि उद्या डॉक्टर लोक शेड बघायला येणार हे ऐकून त्यांना राहवलं नाही. कामातून गेलेल्या म्हाताऱ्यासारखं तोंड बांधून ठेवलंय माझ्या मशीनला, आणि तेच लोकांना दाखवणार. त्यांनी तीन नंबरची दोरी सोडली, ताडपत्री घडी करून मागं ठेवली, मशीन ओल्या फडक्यानं लख्ख पुसली. चारचं तोंड सोडायला वेळ झाला नाही, चहा आला. मन जरा हलकं झालं. घरी सईदाबी आठवड्यापूर्वीच म्हणाल्या होत्या की तुम्ही त्या पोरीवर जळता. त्यावर चाचा दोन दिवस त्यांच्याशी धड बोलले नव्हते.

असो. सव्वाचारला चाचांची स्कूटर शेडच्या दारात लागली तेव्हा सुंदरराव खुर्ची टाकून बसले होते.

"सहाला डॉक्टर लोकांचा फोन येणार हाय," ते म्हणाले. "तवर मला सांगा, चूक कुणाची. त्या पोरीच्या काचा चुकल्या असतील तर आजच काढून टाकू, चारी मशीन चालू करू, आन् पोरगी जाईल आपल्या गावाला. तुमी बघा, चाचा. तुमी म्हणाल ते फायनल."

म्हणजे वैष्णवीची नोकरी आता चाचांच्या तळहातावर ठेवलेली होती.

२

वैष्णवी संगणकाच्या पडद्यासमोर बसली होती. डोळे लाल, पण आवाज सरळ.

"या चाचा. काय पाहिजे ते विचारा."

ती 'चाचा' म्हणायची तेही अगदी अदबीनं, आणि त्यानंच चाचांना जास्त राग यायचा. उद्धट असती तर भांडता तरी आलं असतं.

"म्याडम, दुपारी कुठं होत्या?"

"अंबाजोगाईला. दवाखान्यात काम होतं, आण्णांना विचारून गेलते. सकाळी आठलाच निघाले, इथं साडेतीनला पोचले. वाटेत तीन वाजून पाच मिनिटांनी मोबाइलवर इशारा आला, तसा गेटवरच्या अंगदला फोन लावला. चारदा. उचलला नाही."

"मशीन?"

"एक आणि दोन, दोन्ही नीट चालू होत्या. खालून येणारी हवा रोजच्याइतकीच गार. लाइट गेली नाही. गल्लीचं दार कार्डाशिवाय उघडत नाही. अकराला छबुबाई पुसायला आत जाऊन आल्या, एक वाजून दहा मिनिटांनी अंगद. त्याशिवाय तीन वीसपर्यंत दार बंद."

चाचांनी मान हलवली. मशीन ठणठणीत, हवा गार, दार बंद, आणि तरी सात नंबर भट्टी. हवा कुठं गेली मग? मनातल्या मनात ते म्हणाले, काचाच खोट्या. आणि हे म्हणताना त्यांना बरं वाटलं.

"सात नंबरचा ताप दाखवा."

तिनं पडद्यावर रेघ दाखवली. सकाळी नऊला तेवीस डिग्री. दहाला पंचवीस. बाराला सत्तावीस. तीनपर्यंत तीस. तीनला रोज सगळ्या दवाखान्यांच्या नकला निघतात, संगणक जिवाच्या करारावर पळतात, तेव्हा रेघ उभी चढलेली. वीस मिनिटांत अडतीस.

"आन् ही परत खाली कवा आली?"

"पावणेचारपासून."

"आपोआप?"

वैष्णवीनं पडद्यावरून नजर हलवली नाही. "आली," एवढंच म्हणाली.

चाळीस वर्षं लोकांचे फ्रीज उघडताना चाचा एक गोष्ट शिकले होते. गिऱ्हाईक काहीतरी लपवत असलं की वाक्य छोटं करतं. ही पोरगी काहीतरी लपवत होती.

३

अंगद सुंदररावांचा सख्खा पुतण्या. खोलीचा ताबा आपल्यालाच मिळणार असं तो गावभर सांगत फिरला होता, आणि मिळालं काय तर गेट. वैष्णवीचं नाव काढलं की त्याच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. चाचांना हे ठाऊक होतं, कारण गेले आठ महिने दोघं गेटवर चहा पिताना याच विषयावर बोलायचे.

"एक वाजून दहा मिन्टांनी गल्लीत कशाला गेलतास?"

"मी? न्हाई बा."

"कार्ड तुझं हाय."

चाचा त्याला दंडाला धरून गार गल्लीत घेऊन गेले. सात नंबरसमोर जाळीच्या फरशीवर एक ओलसर गोल डाग होता, ताटाएवढा, आणि जाळीत अडकलेली एक काळी बी.

"कलिंगड?"

अंगदनं मान खाली घातली. "चाचा, आण्णाला सांगू नका. तिला केबिनमधी एसी, मला गेटवर पत्रा. म्हणलं निदान कलिंगड तरी गार व्हावं. दीडला ठेवलं... एकला. मग गेटवर जरा डोळा लागला."

"फोन चारदा वाजला."

"सायलेंटवर होता."

"आन् कलिंगड कवा उचललंस?"

"बोंबाबोंब झाली तवा. शर्टाखाली घालून नेलं. अजून खाल्लं बी न्हाई."

दुसरी वेळ असती तर चाचा हसले असते. गुन्हेगार हातात होता, कबुलीही होती. जाळीवर कलिंगड ठेवलं, हवा अडली, कपाट तापलं. सुंदररावांना हे पटलं असतं. पण चाचा हट्टी माणूस. फरशीवर उकिडवे बसले आणि हिशेब लावला. कलिंगडानं जाळीचा पाव भाग झाकला असेल नसेल. आणि सात नंबर एकनंतर नाही, नऊनंतर तापायला लागला. चार तास आधी कलिंगड घाटाखालच्या गाड्यावर होतं.

"तू न्हाईस," ते म्हणाले.

अंगद इतका खूश झाला की त्यानं लगेच दुसऱ्याचं नाव सुचवलं. "मग तीच की, चाचा. तिच्याच काचा. आपून सांगतच होतो. काढू दे की एकदा पसारा."

आपून. तो शब्द चाचांना का कोण जाणे टोचला. या झोपाळू, कलिंगडचोर पोराच्या आणि आपल्या पोटात एकच दुखणं आहे, हे असं तोंडावर ऐकायला बरं वाटत नाही.

पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. आणि नऊला नेमकं काय घडलं, हे अजून कुणी सांगितलं नव्हतं.

४

छबुबाई बादली पालथी घालून तिच्यावर बसल्या होत्या. सगळी शेड झाडायला-पुसायला त्याच. बोलायला लागल्या की थांबत नसत, म्हणून त्यांना कुणी काही विचारत नसे.

"मला कुनी इचारलं का? सगळे पळायलेत इकडून तिकडं. मी म्हणलं, बसा गुमान."

"मी इचारतोय. सकाळी काय वेगळं दिसलं?"

"दिसलं न्हाई, लागलं. गल्लीत पुसताना रोज सात नंबरपाशी पाय गारठत्यात माझे. वात हाय ना मला. आज कायबी न्हाई. म्हणलं बरं झालं."

चाचा सावध झाले. म्हणजे अकरालाच सातसमोर हवा कमी झाली होती, अन् तीही खालूनच. काचेची दारं, छत, कलिंगड, कशाचाच संबंध नाही. हवा जाळीपर्यंत पोचतच नव्हती. फरशीखालीच कुणीतरी ती वाटेत पळवत होतं.

"अजून?"

"अजून काय. बाहेर येऊन त्या कोपऱ्यात पुसत होते, तर डोक्यावरून गार झुळूक. लई गार. म्हणलं चाचांनी शेवटी आपली मशीन चालू केली. करणारच की, माणसाचा जीव असतो."

"कोणती मशीन?"

"तुमची तीन नंबर. पुसून लख्ख केल्याली."

"बाई, ती आठ महिने बंद हाय."

"मग ती गार कावून फुकत होती?"

कोपऱ्यात तीन नंबरची मशीन उभी होती, सात नंबरच्या कपाटापासून आठ पावलांवर. ते तिच्याकडे गेले आणि जागीच थांबले.

सकाळी त्यांनी सोडून घडी करून ठेवलेली ताडपत्री मशीनच्या डोक्यावर परत बांधलेली होती. करकचून, चार वेढे देऊन.

५

आधी त्यांचा संताप झाला. मग छबुबाईंची ती गार झुळूक आठवली.

आजूबाजूला कुणी नाही असं बघून त्यांनी दोरीची गाठ सोडली, ताडपत्री अर्धी बाजूला सारली. खिशातल्या फडक्याचा एक दोरा ओढून काढला आणि चिमटीत धरून मशीनच्या तोंडावर नेला. मशीन बंद होती. दोरा खाली लोंबायला हवा होता.

दोरा वर उडाला. सरळ छताकडे, फडफडत.

चाचांनी हात लावून पाहिलं. तोंडातून बर्फासारखी गार हवा येत होती. जन्मभर त्यांनी मशीनला तोंडानं हवा घेताना आणि पायाकडून सोडताना पाहिलं होतं. आज ती उलटा श्वास सोडत होती.

मग सगळं एकापाठोपाठ एक लागत गेलं. एक आणि दोन नंबर फरशीखाली हवा दाबून भरतात. दाबलेली हवा जिथं भोक मिळेल तिथं पळते. बंद मशीन म्हणजे फरशीतून वर येणारा सरळ बोगदा. पूर्वी चारही मशीन चालू असायच्या, चौघींचा जोर खाली, म्हणून हा प्रश्न कधी आलाच नाही. आणि उन्हाळ्यात एखादी बंद पडली की चाचा तासाभरात चालू करायचे. बंद मशीन महिनोन्महिने तशीच ठेवायची वेळ त्यांच्यावर आलीच नव्हती. त्यांना वाटायचं ताडपत्री धुळीसाठी. नाही तर डिवचायला. ती बूच होती. पोरीनं बोगद्याला बूच मारलं होतं, आणि ते सकाळी नऊला त्यांनी स्वतःच्या हातानं काढलं होतं.

सातसमोरची हवा तीन नंबरनं पळवली होती, आणि तीन नंबरला वाट त्यांनी करून दिली होती.

ती धर्मापुरीची बाई त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना. पण खोटं कशाला सांगू, त्याच वेळी दुसरा विचारही आला. हे कुणाला कळणार आहे? सुंदररावांना मशीनचं पोट कळत नाही. अंगदला कलिंगडापलीकडे काही कळत नाही. काचा निघतील, पोरगी जाईल, चारी मशीन पुन्हा घरघरतील. उन्हाळा आला की लोक पुन्हा चाचांना हाक मारतील. काही करायचं नाही, फक्त गप्प बसायचं.

त्यांनी ताडपत्री पुन्हा मशीनच्या तोंडावर ओढली आणि हातातल्या दोरीकडे पाहिलं. ही गाठ त्यांनी सकाळीही सोडली होती, अगदी अशीच. अशी गाठ या शेडमध्ये एकच माणूस मारत होतं. ती साडेतीनला आली होती, आणि पावणेचारला ताप उतरायला लागला होता.

म्हणजे तिला ठाऊक होतं.

६

सहाला पाच कमी असताना सगळे सुंदररावांच्या टेबलाभोवती होते. वैष्णवीनं पिशवी खांद्याला लावलेली. तिनं आपला निकाल आधीच वाचला होता.

"काय बे अंगद, शर्टाला काय डाग हाय?" सुंदरराव म्हणाले आणि उत्तराची वाट न बघता चाचांकडे वळले. "बोला चाचा. काचाच ना?"

चाचांनी तिच्याकडे पाहिलं. एवढंसं वय, आणि जे आपल्याला चाळीस वर्षांत सुचलं नाही ते तिला सुचलं. पोटात ते जुनं दुखणं तसंच होतं, कमी झालं नव्हतं.

"काचा बरोबर हायत," ते म्हणाले. "चूक माझी हाय. तीन नंबरची ताडपत्री मी काढली."

सुंदरराव हसायला लागले. "ताडपत्रीनं कपाट बंद पडतंय व्हय? पोरीची दया आली तुमाला. चाचा, तुमी लई भले हाव."

"भला न्हाई मी," चाचांचा आवाज चढला. "हेवा वाटला मला तिचा. म्हणून काढली. या, दाखवतो."

त्यांनी सुंदररावांना सात नंबरच्या समोर उभं केलं, डिग्री दाखवणाऱ्या आकड्याकडे तोंड करून, आणि स्वतः जाऊन तीन नंबरचं तोंड उघडं केलं. तेवीस. चार मिनिटांत चोवीस. नऊ मिनिटांत पंचवीस. मग त्यांनी ताडपत्री परत ओढली, दोन्ही हातांनी दाबून धरली. आकडा थबकला आणि उतरायला लागला. तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजून बंद झाला. कुणी उचलला नाही.

सुंदररावांनी तो आकडा पुन्हा एकदा वाचला. मग वैष्णवीकडे वळले.

"तुला ठावं होतं?"

"आल्या आल्या बघितलं. मीच बांधली."

"मग बोलली का न्हाईस? दोन तास झाले, मी तुला घालवायला निघालतो."

"कुणाचं नाव घेणार होते, आण्णा?" वैष्णवी म्हणाली. "खोली माझी म्हणता. पण जरा कुठं खुट्ट झालं की फोन चाचांना जातो. आज शोध घ्यायला पण चाचाच. मी म्हणाले असते, चाचांनी केलं, तर तुम्ही मलाच खोटं पाडलं असतं. मला लई राग यायचा त्यांचा. त्यांच्यासारखं कुणी माझं ऐकावं असं वाटायचं."



चाचांना हे ऐकून काय वाटलं ते त्यांना लगेच कळलं नाही. आठ महिने ज्या पोरीवर ते जळत होते, ती तितकेच दिवस त्यांच्यावर जळत होती. आणि तिच्याजवळ त्यांना उघडं पाडायची संधी असून ती गप्प राहिली होती. भलेपणानं नाही, कुणी विश्वास ठेवणार नाही म्हणून. हे त्यांना कलिंगडापेक्षा, ताडपत्रीपेक्षा जास्त लागलं, कारण तो विश्वास सगळा त्यांच्याच खात्यात पडून होता.

फोन पुन्हा वाजला. डॉक्टरांचाच. सुंदररावांनी टेबलाकडे जाऊन तो उचलला, त्याच्या तोंडावर हात ठेवला आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं चाचांकडे वळले.

"उद्या येणार का म्हणून विचारतील. तीन अन् चारचं काय करायचं, काय सांगू?"

चाचांनी खिशातून दोन्ही मशीनच्या चाव्या काढून टेबलावर ठेवल्या आणि सुंदररावांच्या हातातला फोन काढून वैष्णवीपुढे धरला.

"मला काय इचारता," ते म्हणाले. "खोली तिची हाय."